खारट भरीत आणि माझं पहिलं वकीलपत्र

त्या हिवाळ्यात देशभर एकच खटला गाजत होता. दूरच्या महानगरातला खून, बड्या घरचा तरुण आरोपी. कोर्टात साक्षी सुरू होत्या आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी फाशी. असोदा गावात आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आरोपीच्या वकिलालाही सोडलं नव्हतं. "असल्याची केस घेते, तो बी त्यातलाच," असं ते चहा पितापिता जाहीर करायचे.

नेमकी तेव्हाच मला पहिली फौजदारी केस चालून आली. जळगावच्या कोर्टात मी नुकतीच वकिली सुरू केली होती. शेजारच्या गावातल्या एका तरुणावर विहिरीवरच्या मोटारीची वायर चोरल्याचा आळ होता. आबा कडाडले, "चोराचं वकीलपत्र या घरातून निघनार नाई!" मला ती केस हवी होती, अगदी जीवापासून हवी होती. पण मला आबाही हवे होते. लग्नानंतर मला शिकू दिलं ते त्यांनीच.

रविवारी मळ्यात भरिताचा बेत होता. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, सोलली आणि लाकडी बडगीत घालून सगळे आळीपाळीने ठेचू लागले. वांगी ठेचून होईतो त्या महानगरातल्या आरोपीला सर्वानुमते फाशी झालीही होती. मी कांद्याची पात चिरत होते. रागाने पात नको तितकी बारीक झाली.

पंगत बसली. पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. भरीत खारट, नुसतं खारट!

"आबाचंच काम!" नाना, आबांचे धाकटे भाऊ, ओरडले. आबांना सगळ्यावर वरून मीठ लागतं, हे गावाला ठाऊक. मग काय, जो तो साक्षीदार झाला. कोणी त्यांना मिठाच्या पिशवीजवळ पाहिलं होतं, कोणी त्यांच्या बोटांना मीठ पाहिलं होतं.

"म्या नाई टाकलं!" आबा म्हणाले. कोणी ऐकेना. हसण्यात त्यांचा आवाज बुडाला. चेहरा लाल झाला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू तरी सांग यायले!"

मी हात धुऊन उभी राहिले. "नाना, तुम्ही ठेचलंत तेव्हा मीठ टाकलंत?"

"टाकलं. चिमूटभर."

"आणि मामा, तुम्ही?"

मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या भावांनी, मान खाली घातली. पुढच्यानेही घातली. ज्याच्या हाती मुसळ आलं, त्या प्रत्येकाने आधीचा विसरला असेल म्हणून आपलं मीठ टाकलं होतं. फक्त आबांनी टाकलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावल्यापासून ते मनावर दगड ठेवून होते.

मळा हसून हसून लोळला. आबा मात्र हसले नाहीत. मी इतकी खूश होते की ते खारट भरीतही दोनदा वाढून घेतलं.

घरी परतताना आबांनी मोटारसायकल एकदम हळू केली. "त्या वायरवाल्या पोराचं काय म्हननं हाय?"

"ठाऊक नाही, आबा. त्याला अजून कोणी विचारलंच नाही."

त्यांनी दारात मोटारसायकल थांबवली. मग म्हणाले, "सकायी लवकर आवर. त्याच्या गावाले मी घेऊन जातो तुले."