वाल खाणारी घोरपड

पोलीस खात्यातल्या नोकरीच्या काळात माझ्या टेबलावर पुरावा म्हणून नाना वस्तू येऊन पडल्या. कोयते, तुटलेली कुलपं, फाटके शर्ट, एकदा तर देवळातली अख्खी घंटा. त्यातलं बरंचसं विसरलो. पण माघातल्या एका सकाळी एका शेतकरी बाईने केळीच्या पानात गुंडाळून आणलेली शेपटी काही केल्या विसरता येत नाही.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. नेमणूक महाड तालुक्यात होती. हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी तपासत बसलो होतो. बाई शिवथरच्या खोऱ्यातली, साठीच्या आसपासची. भात काढून झाल्यावर शेतात वाल केलेला. तिने पान उघडलं. आत हातभर लांबीची हिरवी शेपटी, तिच्यावर काळे पट्टे.

"साहेब, माज्या वालात घोरपड शिरल्याय. हिरवी हाय. कोवळा पाला सगळा खाल्लान. कुत्र्यानं धरली तर शेपूट त्याच्या तोंडात ठेवून आंब्यावर चढली."

आमचे हवालदार हसले. "मावशी, घोरपड पाला खात नाही. अंडी, बेडूक, उंदीर खाते."

"ता मला ठाव नाय काय? म्हणून तर आले! ही घोरपड पाला खाते!"

खोटं सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला पटेल असंच सांगतो, हा माझा अनुभव आहे. स्वतःलाच न पटणारी गोष्ट सांगायला कुणी चार मैल चालून आणि मग एसटी पकडून येत असेल, तर ती बहुधा खरी असते. मी डायरीला नोंद घ्यायला लावली आणि वन विभागाच्या वनक्षेत्रपालांना फोन केला.

ते येण्याआधीच दुपारी दुसरा फोन आला. त्याच गावात लोकांनी पोलादपूरच्या एका सर्पमित्राला देवळासमोर बसवून ठेवलं होतं. हा चाळिशीचा माणूस. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. कुणाच्या घरात साप निघाला की हातातलं काम टाकून जायचा, साप धरायचा आणि वन विभागाला कळवून जंगलात सोडायचा. त्या दिवशीही तो गावात एका घरात निघालेला नाग धरायलाच आला होता. पण हिरव्या घोरपडीची बातमी तोवर गावभर झाली होती. हाच कुठून कुठून जनावरं आणून आमच्या खोऱ्यात सोडतो, असा लोकांनी ग्रह करून घेतला.

मी दोन शिपाई घेऊन पोहोचलो. गाडीची चावी काढून घेतलेली, शर्टाचा खिसा फाटलेला. माणूस मान खाली घालून बसला होता.

"साहेब, अठरा वर्षं यांच्या घरातले साप काढतोय," तो मला हळूच म्हणाला. "आज मलाच चोर ठरवलं."

जमाव तापलेला असताना पोलिसाने भाषण करू नये. मी एवढंच म्हणालो, "आठ दिवस द्या. यानं सोडलं असेल तर यालाच घेऊन येईन. नसेल, तर ज्यानं सोडलं त्याला घेऊन येईन. मग मात्र ज्यांनी याची चावी काढली, त्यांनी ती स्वतःच्या हातानं परत द्यायची."

सर्पमित्राला ठाण्यात आणलं. चहा दिला. वनक्षेत्रपालही येऊन बसले होते. टेबलावरची शेपटी बघताच तो सावरून बसला. अपमान विसरला म्हणा ना.

"ही घोरपड नाहीच, साहेब. घोरपडीची शेपटी अशी सुटून येत नाही. हा इग्वाना. परदेशातला, पाल्यावर जगणारा सरडा. मुंबई-पुण्याकडे लोक हौसेने पाळतात."

वनक्षेत्रपालांनी दुजोरा दिला. असे परदेशी प्राणी पाळायचे तर आता नोंदणी करावी लागते, आणि ते असे कुठेही नेऊन सोडता येत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. गुन्हा वन विभागाच्या अखत्यारीतला होता, तपासाला मदत आमची.

खोऱ्यात शिरणारा अनोळखी माणूस कुणाच्या ना कुणाच्या वाहनातून येतो. आमच्या माणसांनी महाडच्या स्टँडपासून विचारपूस सुरू केली. तीन दिवस हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी वीर रेल्वे स्टेशनवरचा एक रिक्षावाला स्वतःहून ठाण्यात आला.

"साहेब, पंधरा-वीस दिस झाले असतील. सकाळच्या गाडीनं एक म्हातारा उतरला. चांगला शिकलेला वाटला. दोन मोठ्या पिशव्या, वरून ओलं फडकं. पिशवी हालत होती. म्हटलं कोंबडे हायत काय? तर म्हणाला, पुण्यकर्म आहे."

"कुठे सोडलंस?"

"शिवथरकडं, नदीच्या अंगाला. परतीला फोन केलान मला. आलो तर पिशव्या रिकाम्या, आन् म्हातारा रडत होता. म्हणून ध्यानात राहिला."

फोन केला होता, म्हणजे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. बाकीचं काम अर्ध्या तासाचं. ठाणे शहराजवळच्या एका सोसायटीत राहणारा, निवृत्त बँक अधिकारी. खोऱ्यातलं ते गाव म्हणजे त्याचं आजोळ. वनक्षेत्रपालांनी नोटीस काढली आणि दुसऱ्या दिवशी गृहस्थ हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदपत्रांची फाइल. आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस बघताक्षणी ओळखता येतो. तो खुर्चीच्या टोकावर बसतो.

जबाब माझ्याच खोलीत, वनक्षेत्रपालांच्या समोर सुरू झाला.

"मी आजोळच्या देवाला गेलो होतो. पिशव्यांत पूजेचं सामान होतं," ते म्हणाले. रचलेलं उत्तर होतं, पण पाठ चोख होतं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच शब्द.

अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. तो घाबरतो आणि आपल्या उत्तराला आणखी घट्ट चिकटतो. मी वन विभागाने बरणीत जपलेली शेपटी मागवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोट बरणीच्या काचेवर टेकलं.

"ती जिवंत आहे ना?"

"ती कोण?" मी विचारलं.

पूजेचं सामान तिथेच संपलं. माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. मग सगळं सांगितलं. मुलाने हौसेने तीन इग्वाना आणले होते, एक नर, दोन माद्या. नोंदणी वगैरे काही नाही. मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि जनावरं बापाच्या गळ्यात पडली. बापाने चार वर्षं त्यांना हाताने भाजी भरवली. मग सोसायटीतून तक्रारी सुरू झाल्या. घ्यायला कुणी तयार नव्हतं.

"साहेब, जन्मभर काचेच्या पेटीत. मला बघवेना. आजोळी नदी आहे, झाडी आहे. म्हटलं, निदान शेवटी तरी मोकळी होऊ देत. मी त्यांना मारलं असतं तर गुन्हा. सोडलं तर कसला गुन्हा?"

उत्तर दिलं सर्पमित्राने. त्यालाही बोलावलं होतं, तो दाराशी उभा होता.

"काका, मी धरलेला नाग जंगलात सोडतो, कारण तो तिथलाच असतो. तुमची जनावरं तिथली नाहीत. एक कुत्र्याच्या तोंडातून वाचली. तिला मोकळीक नाही मिळाली, ती नुसती भेदरलीय. आणि ज्या मावशीचा वाल खाल्ला, तिला तुम्ही विचारलं होतंत का?"

गृहस्थांनी बरणी हळूच बाजूला सारली. मग जे बोलले त्याने खोलीतले आम्ही सगळेच उठून उभे राहिलो.

"मोठी मादी अंड्यांवर आली होती. म्हणूनच घाई केली. ती रेतीत उकरून अंडी घालते. एका वेळी तीस-चाळीस."

माघ संपत आला होता. नदी आटून वाळूचे पट्टे उघडे पडले होते. ती अंडी एकदा वाळूत गेली आणि पिल्लं निघाली की प्रश्न तीन जनावरांचा राहिला नसता. त्या खोऱ्यात दर हिवाळ्यात प्रत्येकाचा वाल, प्रत्येकाचं परस धोक्यात आलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही खोऱ्यात होतो. वनक्षेत्रपालांच्या परवानगीने गृहस्थांना बरोबर घेतलं होतं. मी त्यांना देवळासमोर उभं केलं आणि गावाला सांगितलं, "सोडणारे हे." कुणीतरी पुढे धावलं, तसा सर्पमित्रच मधे आला. "हात लावायचा नाही. यांच्याशिवाय ती सापडणार नाहीत." ज्याला पाच-सहा दिवसांपूर्वी त्याच जागी बसवलं होतं, त्याचं ऐकून लोक मागे सरले.

गृहस्थांना आपली जनावरं पाठ होती. गारठ्यात ती जड असतात, ऊन अंगावर आल्याशिवाय हलत नाहीत. तेव्हा धरायची ती कोवळ्या उन्हात. जास्वंदीच्या फुलांवर जीव टाकतात. गावातल्या बायकांनी परसातली फुलं तोडून आणली. शेपटी तुटलेली मादी मावशींच्या आंब्यावरच होती. गृहस्थांनी फूल पुढे धरलं आणि हळू आवाजात हाक मारली. ती दोन पावलं खाली आली. सर्पमित्राने अलगद उचलली. जखम भरत आली होती.

नर डोहावरच्या उंबरावर सापडला. डिवचला की तो पाण्यात उडी घेणार, हे गृहस्थांनी आधीच सांगितलं होतं. गावकऱ्यांनी मासे धरायचं जाळं झाडाखाली चौघांत ताणून धरलं. त्याने उडी घेतली ती थेट जाळ्यात. गावात आरडाओरडा झाला, अगदी कबड्डीचा सामना जिंकल्यासारखा.

मोठी मादी मात्र दोन दिवस दिसेना. तिसऱ्या सकाळी मावशी नदीकाठून पदर खोचून धावत आल्या. "साहेब, वाळूत उकरलंय! कुत्र्याचं काम नाय. कुत्रा पसरट खड्डा करतो, ह्या बीळ हाय, आन् रेती अजून ओली हाय!"

आम्ही पोहोचलो तेव्हा बिळातून वाळू बाहेर उडत होती. ती आत होती, उकरत होती. सर्पमित्र पालथा झोपला, खांद्यापर्यंत हात आत घातला. तिने नखांनी मनगट ओरबाडलं, रक्त आलं, पण त्याने पकड सोडली नाही. तिला बाहेर काढलं तेव्हा पोट टम्म होतं. वन विभागाच्या पशुवैद्यकांनी तपासून सांगितलं, एकही अंडं घातलेलं नाही. बीळ आम्ही तरीही तळापर्यंत उकरून पाहिलं. रिकामं होतं.

तिन्ही सापडली. तिन्ही जिवंत. मी पंचनाम्यावर सही केली.

त्या संध्याकाळी गावाने शब्द पाळला. ज्याने चावी काढून घेतली होती, तो स्वतः पोलादपूरला गॅरेजवर गेला. बरोबर मावशी होत्या, पदरात भाजलेल्या वालाच्या शेंगा घेऊन. "चुकलं रे बाबा गावाचं," त्या म्हणाल्या. सर्पमित्राने एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि म्हणाला, "वाचला म्हणायचा थोडा!" सगळे हसले.

जनावरं कोर्टाच्या परवानगीने प्राणिसंग्रहालयात गेली. गृहस्थांवर रीतसर खटला झाला. त्यांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा निमूट स्वीकारली. कोर्टातून जाताना मला म्हणाले, "साहेब, मी त्यांना नाही, स्वतःला मोकळं केलं होतं."

हे वाक्य मी अनेकदा आठवलं आहे. रागाने, लोभाने, दारूच्या नशेत गुन्हे करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांना आपण वाईट केलं हे आतून ठाऊक असतं. मायेने नुकसान करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, आणि त्याला समजावणं सगळ्यांत कठीण गेलं. पिंजऱ्याचं दार उघडणं सोपं असतं. जीव पाळायला घेतला की त्याची जबाबदारी शेवटपर्यंत आपली. ती गुपचूप नेऊन दुसऱ्याच्या शिवारात ठेवता येत नाही, मग मनात कितीही दया असो.

या कामाचं प्रशस्तिपत्रक मिळालं, ते कपाटात कुठेतरी आहे. पण मला खरा आनंद झाला तो पुढच्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. महाडातल्या एका दुकानदाराचा फोन आला. आवाज ओशाळलेला.

"साहेब, आमच्या काचेच्या टाकीत एक कासव आहे. कानाजवळ लाल पट्टा आहे त्याच्या, परदेशी जात म्हणे. फार मोठं झालंय. आज सावित्री नदीत सोडणार होतो. मग म्हटलं, आधी विचारावं."

"आहे तिथेच ठेवा," मी म्हणालो, "माणूस पाठवतो." आणि पोलादपूरच्या गॅरेजचा नंबर लावला.