पानमळ्याची पश्चिम बाजू

आमचा पानमळा अठरा गुंठ्यांचा होता आणि त्यात बत्तीस ओळी होत्या. तामलवाडीपासून तीन मैल आत आमचं गाव. गावाच्या ओढ्याला धरून असे चार मळे एकाला एक लागून उभे होते, त्यांतला सगळ्यांत पश्चिमेचा आमचा. पानं खुडून करंडी भरली आणि एसटीच्या टपावर चढवली की तुळजापूरला देवळाकडच्या दुकानांत जायची.

ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की पानवेल उघड्यावर जगत नाही. ती शेवरी, हादगा, पांगारा यांच्यावर चढवतात. ही झाडं इतकी दाट लावलेली असतात, की ऐन वैशाखात दुपारी आत पाऊल टाकलं तर घटकाभर डोळ्यांना काही दिसत नाही. खाली जमीन सदा ओली. ओला पंचा आत वाळत घातला तर दिवस मावळेपर्यंत दमटच राहायचा आणि वास मारायचा. म्हणून बायका मळ्यात कपडे वाळत घालत नसत.

हा मळा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, लग्नाआधी स्वतः लावलेला. बाकीच्या जमिनीत ज्वारी आली काय, बुडाली काय, आबा एका जागी बसून ऐकून घेत. मळ्यातली एक वेल पिवळी पडली तर मात्र त्यांना जेवण जात नसे. बहात्तर साली विहिरीत घागर बुडेना, तेव्हा ओढ्यात खड्डा खणून, बैलगाडीवर पिंप ठेवून त्यांनी पाणी आणलं. मळ्याचं काम बघणारा म्हातारा माणूस, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो, तो तांब्यानं एकेका वेलीच्या बुडाशी ते ओतायचा. पानं बोरीच्या पानाएवढी झाली. पण पाऊस आल्यावर बत्तीसच्या बत्तीस ओळी पुन्हा फुटल्या. तेव्हापासून आमच्या घरात एक बोलणं झालं होतं, की बहात्तर काढलेल्या मळ्याला आता काय होतंय?

त्यानंतर दहाएक वर्षांनी पुन्हा पाऊस कमी झाला. कमी म्हणजे बहात्तरइतका नव्हे. हस्ताचा पाऊस बरा झाला होता आणि विहिरीत पाणी होतं. मी तेव्हा तिशीत होतो आणि गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सोसायटी नवी. दूध फार कमी भरलं तर संघाची गाडी आमच्या फाट्यावर वळणार नाही, असं आम्हाला बजावलं होतं. कडबा संपत आला होता. आमच्या स्वतःच्या दोन म्हशी होत्या आणि हिरवा चारा फक्त मळ्यात होता, शेवरी आणि हादग्याचा पाला.

मला लहानपणापासून सगळं लिहून ठेवायची सवय. विहिरीवरची मोटार किती वाजता चालू केली, किती वाजता बंद केली, हे मी रोज एका वहीत लिहीत असे. बत्तीस ओळींना दर चौथ्या दिवशी पाणी लागायचं आणि एका पाळीला आठ तास जायचे. विहीर पूर्वेला, त्यामुळे पश्चिमेकडच्या ओळींना पाणी पोचेपर्यंत पाटातच बरंच मुरायचं. मी आबांना म्हणालो, की शेवटच्या दोन ओळी काढू. जितक्या ओळी कमी तितकं पाणी कमी, आणि म्हशींना पाला होईल.

आबांनी मामाकडं पाहिलं. मामा वेल बांधत होता.

"शेक्रेटरी," मामा म्हणाला, "तुमच्या वहीला ऊन लागतं का?"

"वहीला न्हाय लागत मामा, म्हशीला भूक लागते."

"मग म्हशीलाच लिहायला शिकवा. तुमच्यापरीस बरं लिहील." मग वेलीची गाठ आवळून त्यानं आबांना सांगितलं, "दोन काढा आबा. दोनानं काय हुत न्हाय."

खरंच काही झालं नाही. माघात दोन ओळी गेल्या. राहिलेल्या तीस ओळींवरचं पान तसंच तकतकीत होतं. मी रोज जाऊन बघत होतो. पंधरा दिवस बघितल्यावर मामाच म्हणाला, "शेक्रेटरीचं खरं निघालं म्हणायचं." फाल्गुनात आणखी चार काढल्या. आता ओळी सव्वीस आणि पाळीला सात तास. आठाचे सात झाले, हे मी आबांना वही दाखवून सांगितलं. ते वही वाचत नसत, पण आकड्यावर बोट ठेवून त्यांनी मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा फार आनंद झाला होता.

त्याच सुमाराला एक दिवस माझी बायको दुधाचं गाळण्याचं फडकं हातात घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, हे चुकून मळ्यात वाळत घातलं होतं, तर जेवायच्या आत वाळलं बघा."

"मग बरंच झालं की," मी म्हणालो.

तिनं फडकं नाकाशी धरलं. "वासबी न्हाय."

आम्हाला सोय झाली असं वाटलं. त्यानंतर ती रोज तिथंच वाळत घालू लागली. मी गंमत म्हणून घड्याळ लावून पाहिलं. पहिल्यांदा तीन तास लागले. आठवड्यानं दोन. हेही मी वहीत लिहिलं, मोटारीच्या तासांच्या शेजारच्या रकान्यात.

पाळी आता तिसऱ्या दिवशी द्यावी लागत होती, कारण चौथ्या दिवसापर्यंत माती पांढरी पडायची. सात तास आठांपेक्षा कमी आहेत, एवढंच माझ्या डोक्यात. चार दिवसांचे आठ तास म्हणजे दिवसाला दोन, आणि तीन दिवसांचे सात म्हणजे दिवसाला दोन तास वीस मिनिटं. ओळी सहा कमी आणि पाणी रोज वीस मिनिटं जास्त. हा भागाकार चौथीतल्या पोराला येतो. मी केला नाही. विहीर उतरायला लागली तेव्हा मी पाऊस कमी झाला म्हणालो, आणि पाणी वाचवायला आणखी चार ओळी काढायला सांगितल्या.

या वेळी मामानं कुऱ्हाड उचलली नाही. "तिकडनं झळ आत येतीय आबा. सकाळी माझ्या तोंडावर लागली."

"झळ उन्हाळ्यात येणारच," मी म्हणालो. "बहात्तरला काय गार वारं होतं?"

आबा बराच वेळ पश्चिमेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो आतापर्यंत चुकला न्हाय." आणि स्वतः कुऱ्हाड घेतली.

बावीस ओळी राहिल्या. पाळीला साडेसहा तास, पण दिवसाआड. चैत्राचा दुसरा पंधरवडा लागला आणि पश्चिमेचं वारं सुटलं. तसं वारं दर वर्षी सुटतं. त्या वर्षी मात्र ते मळ्यावरून न जाता मळ्यातून जाऊ लागलं. पहिल्या दिवशी कडेच्या तीन ओळींची पानं काठाला काळी पडली. आम्ही मोटार रोज चालू केली. चौथ्या दिवशी शेवरीनं पाला टाकायला सुरुवात केली. झाडाला पाणी पुरेना म्हणून ते पाला टाकतं, पाला गेला की ऊन जमिनीला भिडतं, आणि जमीन तापली की झाडाला आणखी पाणी लागतं. सहाव्या दिवशी विहीर तळाला गेली आणि मोटार हवा ओढू लागली. सातव्या दिवशी मळ्याच्या मधोमध उभं राहिलं तर पलीकडचा रस्ता दिसत होता. मी त्या मळ्यात उभं राहून रस्ता कधी पाहिला नव्हता. नवव्या दिवशी पानं हातात धरली की चुरा होत होता. बत्तीसातल्या दहा ओळी काढायला आम्हाला अडीच महिने लागले होते. राहिलेल्या बावीस नऊ दिवसांत गेल्या.

वैशाखात, करायला काही उरलं नव्हतं म्हणून, मी वही उघडली आणि तो भागाकार केला. आबा ओसरीवर बसले होते. मी त्यांना सांगितलं, की ओळी कमी केल्यावर मळा पाणी जास्त घेत होता, आणि हे फाल्गुनातच लिहिलेलं होतं.

"मग आत्ता कशाला सांगतोस?" ते म्हणाले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहीर वरच्या पायरीला लागली. बहात्तरनंतर झालं तसंच होईल, या हिशेबानं आम्ही शेवरी पेरली आणि दुसऱ्या मळ्यातून वेलीचं बेणं आणून लावलं. पाणी भरपूर होतं. पण शेवरी अजून कमरेएवढी असताना उन्हाळा आला आणि उघड्या रानावरून वारं सरळ आलं. बेणं पंधरा दिवसांत वाळलं. आबांनी तीन वर्षं लावलं. चौथ्या वर्षी त्यांनी तिथं ज्वारी पेरायला सांगितलं आणि पेरणीला आले नाहीत. बहात्तरपेक्षा जास्त पावसाच्या सालात मेलेला मळा, त्याहून जास्त पावसातही परत आला नाही. याचं त्रैराशिक मला कधी मांडता आलं नाही.

ज्वारी पेरली त्या वर्षीची एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या पूर्वेला लागून ज्यांचा मळा होता ते गृहस्थ एका सकाळी दूध घालायला आले आणि गर्दी ओसरेपर्यंत थांबले. आबांच्या वयाचे होते. आमच्यात बांधावरून कधीतरी भांडणंही झाली होती.

"शेक्रेटरी, एक विचारू? तुमच्या किती वळी गेल्या तवा सुरू झालं?"

"का हो काका?"

"न्हाय, आमच्याकडं औंदा पानाच्या काठाला काळं धरतंय. आधी कधी न्हवतं. पाणी तर हाय."

मला तेव्हा कळलं की आमचा मळा ही त्यांची पश्चिम बाजू होती. त्यांच्या मळ्याला जी सावली आणि जो आडोसा होता, त्यातला निम्मा आमचा होता. आम्ही ओळी काढताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आपला आडोसा जातोय हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या पूर्वेला अजून दोन मळे होते.

"त्या कडेच्या दोन वळी लई करपल्यात," ते म्हणाले. "त्या काढाव्या म्हणतो. पाणी पुढच्यांना हुईल, आन् म्हशीला पाला."

"काढू नका काका."

"एक काढू?"

"एकबी नको."

"अरं, करपल्यात म्हणतोय मी. त्या ठेवून काय करू?" ते हसले. "तू तर दहा काढल्यास. आम्ही दोन काढल्या तर पाप लागतंय व्हय? बरं, ते असू दे. तुझ्या वहीत असंल की. कितव्या वळीला बिघडलं ते सांग, मी त्याच्या अलीकडं थांबतो."

ती जुनी वही सोसायटीतच माझ्या खणात होती. मी पानं उलटली. दुसऱ्या ओळीला काही नाही. सहाव्या ओळीला काही नाही. दहावी काढल्यावरही बारा दिवस पान हिरवं होतं, तसं मी लिहिलेलं होतं. कदाचित सातवी असेल. कदाचित पहिल्या दोन ओळी काढल्या त्या दिवशीच ते ठरलं असेल आणि पुढचं सगळं दिसायला उशीर लागला असेल. मी पुन्हा पहिल्या पानापासून बघू लागलो.

"म्हंजे तुलाबी म्हाईत न्हाय," ते म्हणाले आणि कळशी उचलून निघाले. दारात थांबून, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी सांगितलं, "भिऊ नको. दोनच काढतो."