धनीबाईंच्या छातीतला आवाज

आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावर राहणाऱ्या धनीबाईंच्या छातीतला आवाज म्हणे फार सुंदर होता. हे मत परदेशातून शिकायला येणाऱ्या डॉक्टर पोरापोरींचं. त्यांच्या विद्यापीठाचा इथल्या एका ट्रस्टशी करार आहे. दर हिवाळ्यात नवी बॅच येते, गळ्यात झेंडूचे हार घालून घेते आणि धनीबाईंच्या दारात बूट काढते. बाईंच्या हृदयाची झडप आकसलेली. नळावरून घागर आणताना त्यांना वाटेत बसावं लागे. पण त्या झडपेतून रक्त जी घरघर करत जातं, ती ऐकायला इतका छान पेशंट म्हणे त्यांच्या देशात मिळत नाही. मिळेल कसा? तिथे बरे करतात ना!

पाहुणे आले म्हणून बाई धापा टाकत चहा ठेवायच्या. पोरं आळीपाळीनं छातीला नळी लावायची, डोळे मिटायची, 'वंडरफुल' म्हणायची. बाईंनी ऑपरेशनचं विचारलं की ट्रस्टचा कपिल म्हणे, "एवढी बॅच जाऊ द्या, मावशी." बॅच जाई, दुसरी येई. बाई बऱ्या झाल्या तर दाखवायचं काय, ही त्याची खरी अडचण.

मागच्या हिवाळ्यात बाईंनी नळी हातानं बाजूला सारली. "मले आता चालता येऊन नाही राह्यलं. आधी नागपूरले न्या, मंग आयका."

"काय म्हणतात त्या?" एका गोऱ्या पोरीनं विचारलं.

"तुमचे आभार मानतात," कपिलनं बेधडक इंग्रजीत सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले. तेवढं शिकवून पाठवतात.

आता गंमत बघा. बॅच परतताना ट्रस्टची गाडी नागपूरच्या विमानतळावर जातेच. त्या गाडीतून इतकी वर्षं बॅगा गेल्या, लाकडी बैलजोड्या गेल्या, पेशंट कधी गेला नाही. त्या खेपेला गाडी निघताना धनीबाई गाठोडं घेऊन आल्या आणि बॅगा सरकवून मागं बसल्या.

"मावशी, उतरा! जागा नाही!"

"नाही उतरत. फेकाचं असन त फेक मले, यायच्यासमोर."

गोऱ्यांसमोर? कपिलनं हसऱ्या तोंडानं गाडीचं दार लावलं. ड्रायव्हर जमीरनं कोणाला न विचारता गाडी काढली आणि विमानतळाआधी बाईंना सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथे झडप उघडली गेली.

आता बाई भरली घागर न थांबता घरी आणतात. यंदा कपिल नवी बॅच घेऊन आला, तेव्हा त्यांनीच हौसेनं बोलावलं, "या, आयका!" पोरांनी नळ्या लावल्या आणि ती एकमेकांची तोंडं पाहू लागली.

कपिलचा चेहरा उतरला. जाताना तो अगदी मनापासून कळवळून म्हणाला, "मावशी, तांड्यावर अजून कोणाले दम लागते का?"