आईचं वाक्य फळ्यावर

आज माझ्या तासाला एक मुलगी ऊसतोडीवरून येऊन थेट वर्गात बसली. तिच्या स्वेटरला पाचटाच्या धुराचा वास होता. त्या वासानं मला पाथर्डीतल्या याच वर्गात, मी शिकत होते तेव्हाच्या मागच्या बाकावर नेऊन बसवलं.

तेव्हा सर इंग्रजी साहित्यातला आधुनिकतावाद शिकवत होते. महायुद्धानंतरचे लेखक गोष्ट सरळ न सांगता मोडूनतोडून का सांगतात, असं त्यांनी विचारलं. मी उभी राहिले. "सर, आमची आई कारखान्यावरून, ऊस तोडून आली की आसंच सांगती. आधी बैल मेला त्ये, मग पहिल्या दिवसाचं, मधीच गप बसती. पन समदं कळतं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "उत्तर हेच आहे," ते म्हणाले, "लिहून घ्या." हसणाऱ्यांच्या माना वह्यांवर वाकल्या.

घरी येऊन आईला सांगितलं, "तू सांगतीस तशा गोष्टी तिकडं विलायतेत मोठ्या लढाईनंतर लिहिल्यात." भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग त्यांचंबी कायतरी मेलं आसंल."

आज तास संपताना मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, आणि खाली, लेखकाचं लिहितात तसं, आईचं पूर्ण नाव.