ताटाच्या कडेचा घास

आमच्या शिवभक्तांच्या घरांत जेवण झाले की ताटात पाणी घालायचे, बोटाने ताट धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. अन्न म्हणजे शिवाचा प्रसाद, त्यातला कण वाया घालवायचा नाही. परक्यांना हे पाहून शिसारी येते. मला ती पोटभर जेवून वर "चार घास टाकावे लागले" असे तोऱ्यात सांगणाऱ्यांची येते.

माझी थोरली बहीण पूर्णेला दिलेली. मेहुणे रेल्वेत. लढाईच्या दिवसांत आमच्या मानवतला साखर दृष्टीस पडत नव्हती तेव्हाही अक्काच्या घरचा चहा गोड असे, आणि हे ती चहाबरोबरच ऐकवी. माझी बायको चुडाव्याजवळच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. अक्काने लग्नातच तिला "ज्वारीच्या घरची" ठरवून टाकले. पुढे अक्का कधी भांडली नाही. आमच्याकडे येई, सगळे मागून मागून जेवी आणि उठताना ताटाच्या कडेला भाकरीचा एक घास ठेवी. एकच. "लय झालं गं, न्हाई जात आता," असे म्हणे.

दुसऱ्या कोणाच्या घरी याला उरलेले अन्न म्हणतात. आमच्या घरी ती शिवी होती, आणि तोंडच्या शिवीपेक्षा सोयीची, कारण तिचा जाब विचारता येत नाही. पोट भरले म्हणणाऱ्याशी कोण वाद घालणार? सासरी मात्र अक्का ताट धुवून पीत असे. मी पाहिले आहे.

तो घास माझी बायको खात असे. टाकता येत नाही म्हणून. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले. उभ्या उभ्या तिने तो तोंडात घातला, अक्काच्या ताटात पाणी ओतले, धुतले आणि प्याली. मी शाळेत उर्दू शिकवणारा, वाचणारा माणूस. मी जाऊन पुस्तक उघडले. हे अकरा वर्षे चालले.

मग विषमज्वराने ती गेली. इतरांच्या घरी सुतक असते, दहा दिवस कोणी पाणीसुद्धा मागत नाही. आमच्यात सुतक पाळत नाहीत. शिकवण थोर आहे, पण तिच्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून पाहुण्यांना मोकळे असतो. गणाराधनेच्या, म्हणजे मयतीनंतर स्वामींना जेवू घालण्याच्या दिवशी त्यांची पंगत उठली आणि आप्त बसले. येसराची आमटी होती, गव्हाची खीर होती. एक पाहुणे वाढणाऱ्याला समजावून सांगत होते की सेलूच्या मयतीला तूप यापेक्षा सैल हाताने वाढले होते. मयतीच्या जेवणात असे एक जाणकार असतातच. त्यांना मेलेल्याचे नाव विचारावे, आठवणार नाही.

बायकांच्या पंगतीत खीर मीच वाढत होतो. अक्काने दोनदा घेतली. मग हात झटकून उठू लागली. ताटाच्या कडेला घास होता.

"अक्का, घास राहिला," मी म्हणालो.

"लय झालं रे. न्हाई जात."

"उचलणारी गेली, अक्का."

ती थबकली. "म्हंजे?"

"तुझा घास ती खायची. तुझं ताट धुवून पाणी ती प्यायची. आता कोण पिणार, सांग."

अक्का पुन्हा खाली बसली. तिने माझ्याकडे पाहिले, डोळ्यांत लाज नव्हती.

"मला काय ठावं? मला वाटलं, म्हशीला घालता."

आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती.

"आन् तुला दिसत होतं, तर तवाच बोलायचं होतं, मास्तर," ती म्हणाली. "ती व्हती तवा."

मग तिने घास खाल्ला, ताटात पाणी घेतले, धुतले आणि प्याली. मी शेवटच्या थेंबापर्यंत उभा राहून पाहिले. वाटले होते, बरे वाटेल.

संध्याकाळच्या गाडीने ती पूर्णेला गेली. मी पोचवायला गेलो नाही आणि नंतर कधी बोलावलेही नाही. लोक म्हणतात, एका घासावरून बहीण तोडली. घासावरून नाही. तिचे शेवटचे वाक्य बरोबर होते, म्हणून.