बिनसाहेबाचं यंत्र

"आत डोकावू नकोस, निरोप पाठव," असं म्हणत मॅडम हवेत पाकीट सरकवल्यासारखा हात करायच्या.

नाशिकच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात त्या शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवखी. भंगारात काढलेले लॅबमधले कॉम्प्युटर जोडून त्यांनी एक मोठं यंत्र उभं करायला घेतलं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरची, म्हणजे आमच्या भाषेत डब्याची, मेमरी आपापली. दुसऱ्याच्या मेमरीत डोकावायचं नाही, काही हवं तर निरोप पाठवायचा. काम वाढलं की आणखी एक डबा जोडायचा. दिंडोरीच्या द्राक्षबागांवर भुरीचा रोग कधी पडेल, याचं गणित ते आपसांत वाटून घेत. सगळ्यांवर मिळून एकच ऑपरेटिंग सिस्टिम, मॅडमनीच लिहिलेली, आणि तिच्यात बाकीच्यांवर हुकूम सोडणारा साहेब म्हणून कुणी नाही. याचा त्यांना कोण अभिमान!

विभागातही हाच कायदा. त्यांच्या कपाटातला मार्कर मी परस्पर घेतला तर म्हणायच्या, "मागितला असतास तर दोन दिले असते." जेवणाच्या डब्यातलं भरीत मात्र न मागताच माझ्या पानात पडायचं.

पुढे प्राचार्यांना यंत्राची खोली हवीशी झाली. यंत्र चाललं तरच खोली राहील, असं ठरलं. ते बघायला आले.

"यातला मुख्य कोणता?"

"कोणताच नाही, सर. कुठलाही बंद करा. बाकीचे काम वाटून घेतील."

सरांनी नेमका मॅडमच्या टेबलावरचा बंद केला. काय सांगू तुम्हाला, सगळं यंत्र ढिम्म. कोणता डबा कुठे आहे, हे फक्त त्या एकालाच ठाऊक. घाईच्या दिवसांत मॅडमनीच ते तात्पुरतं म्हणून तिथे ठेवलं होतं आणि तसंच राहिलं. मला रडू यायला लागलं. मॅडम हसत सुटल्या.

"घ्या. साहेब मीच निघाले."

प्राचार्यांनाही हसू आलं. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली.

तेव्हापासून मॅडम वाटत सुटल्या. त्या एका डब्यातलं सगळ्या डब्यांना, आणि स्वतःच्या डोक्यातलं आम्हाला. बोलावून बोलावून समजवायच्या. मी वैतागायचे. "अहो मॅडम, तुम्ही आहात ना."

"तेच तर चुकलं होतं, बाई."

त्यांचं दुखणं तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना होतं का, देव जाणे. दिवाळीआधीच त्या गेल्या.

ठरल्या दिवशी प्राचार्य आले. मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला हात लावायला कुणी धजेना, म्हणून मीच तो बंद केला. बाकीच्या डब्यांनी त्याला निरोप पाठवला, पुन्हा पाठवला, थोडी वाट पाहिली. मग त्याचं काम आपसांत वाटून घेतलं आणि गणित पुढे चालू झालं.

खोली वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मॅडमचा भयंकर राग आला. इतकं नीट कशाला जमवायचं माणसाने?