बोर्लीच्या थाळ्याभोवती फ्रान्सचा कायदा

तळा गावाहून एसटी सुटली आणि क्लेअरबाई लहान मुलीसारख्या खुलल्या. या फ्रान्समधल्या निवृत्त मुख्याध्यापिका; मी पुण्यात फ्रेंच शिकवते, म्हणून कोकण दाखवायला त्यांच्यासोबत. म्हसळ्याजवळ टायर फुटला, तरी बाई खूश. रस्त्याकडेला उभ्या राहून त्यांनी मला त्यांचा इतिहास ऐकवला: शाळा चर्चच्या तावडीतून सोडवायला किती पिढ्या भांडल्या, सरकारी शाळेत धर्माची खूण का चालत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता! हे शब्द आमच्याही संविधानात आहेत, असं सांगून मीही थोडा भाव खाल्ला.

बोर्ली पंचतनला माझ्या ओळखीच्या रुकय्याखालांकडे (खाला म्हणजे मावशी) मुक्काम होता. जेवायला सांदणं (तांदूळ-नारळाची वाफवलेली वडी) आणि कोंबडीचा रस्सा. एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून सगळ्यांनी जेवायचं, ही कोकणी मुसलमान घरांची रीत. मांडी घालताना क्लेअरबाईंनी रस्सा सांडला. खाला हसल्या, "ऱ्हाऊ दे गो, व्हतं असं."

पण पाहुणी फ्रान्सची म्हटल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. त्यांची लेक तिकडेच नांदते. नात सना, पंधरा वर्षांची, तिला शाळेच्या फाटकातून परत पाठवलं होतं. कपडे धर्माचे आहेत म्हणे.

"इकडं आणा तिला," खालांचा मुलगा अस्लम म्हणाला. "शिकून काय दिवे लावायचे हायत? लगीन लावून टाकू."

माझं डोकंच फिरलं. पंधराव्या वर्षी लग्न? मी काही बोलणार, तोच खाला म्हणाल्या, "ही मास्तरीण हाय ना? इचार तिला, पोरीनं काय करायचं?"

मी फ्रेंचमध्ये विचारलं, उत्तरं मराठीत सांगत गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "कायदा सगळ्यांना सारखा. मीसुद्धा दोन मुलींना परत पाठवलं होतं."

"मग त्या पोरी गेल्या कुठं?" खालांनी विचारलं.

"माहीत नाही."

अहो, माहीत नाही? चर्चशी भांडलेल्या पिढ्या तोंडपाठ, आणि स्वतःच्या शाळेतली पोर कुठे गेली ते माहीत नाही! मी हे त्यांना फ्रेंचमध्ये तोंडावर सुनावलं. मग अस्लमलाही मराठीत सुनावलं.

खालांनी नातीला व्हिडिओ कॉल लावला आणि ही तुमच्याकडची मास्तरीण म्हणून फोन बाईंपुढे धरला. सना सरळ क्लेअरबाईंशीच फ्रेंचमध्ये बोलली, "मॅडम, डोक्यावरचा रुमाल मी रोज फाटकाशी काढते. आता म्हणतात, झगा लांब आहे. किती कापू, सांगा ना."

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला, अस्लमला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"सना, तुला काय पायजे?" खालांनी विचारलं.

"नानी, मला वर्गात बसायचंय."

"मग हितं यायचं न्हाय," खाला म्हणाल्या. "तुझ्या आईला सांग, त्या साळंशी भांड. आणि अस्लम, लग्नाचं नाव पुन्हा काढलंस तर या घरात तुला जेवान न्हाय." अस्लम हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी परतताना मी धुमसतच होते. तीन मोठे शब्द घेऊन दोन देश मिरवतात, आणि पोरीला काय हवं ते विचारायला एक आजी लागते. क्लेअरबाईंनी सुरुवात केली, "पण आमचा इतिहास समजून घ्या..."

"समजला," मी म्हटलं. "त्या दोन मुलींची नावं सांगा."

बाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. एकही आठवलं नाही.